मुठीचे तांदूळ

थियांगीच्या घराला दोर बांधला त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला देवमाणूस समजायला नको.

साथीच्या सालातला जून महिना होता. डोंगरावरच्या शेतात भात वीतभर झालेला आणि तण त्याच्याही वर. पहिली निंदणी कशीबशी उरकली होती, दुसरीला हात घालायचा होता. आमच्या रेंगतलांग गावात दुसरी निंदणी चुकली की भात तणाखाली गुदमरतो, पिवळा पडतो, आणि ऑक्टोबरात कापायला काही उरत नाही. मग वर्षभर रेशनच्या दुकानाकडे तोंड करून बसायचं. त्यात आमच्या म्हाताऱ्याची पाठ. झौवा नाव त्याचं, माझा नवरा. नऊ वर्षांपूर्वी कंबरेत जी कळ आली ती अजून गेलेली नाही. वाकला तर उठता येत नाही, उठला तर वाकता येत नाही. तेव्हा शेत म्हणजे मी एकटी आणि माझं खुरपं.

आणि शेजारच्या शेतात थियांगी. आमच्याकडे दर साली चिठ्ठ्या टाकून डोंगर वाटून घेतात. त्या साली चिठ्ठीत नेमका तिचाच शेजार आला.

"देवालाही चेष्टा कळते," झौवा म्हणाला.

"तुम्हाला पाठ दुखत असताना बरं हसू येतं," मी म्हटलं.

नऊ वर्षांपूर्वी असाच शेजार आला होता. तेव्हा हद्दीचा ओंडका तिच्या बाजूला आठ-दहा हात सरकलेला निघाला. तिनं मला विचारलं. मी कानावर हात ठेवले. गावच्या पंचांकडे गेलं नाही प्रकरण, पण त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. दोघींची घरं एकाच आळीत, चर्चमध्ये बसायचे बाकही मागंपुढं, आणि नऊ वर्षं मी तिच्या मानेकडे बघत प्रार्थना केली.

तिचा मुलगा छाना ट्रक चालवतो. ऐजॉलहून आला तो ताप घेऊनच. दोन दिवसांनी त्याला धाप लागली, गाडी आली, खालच्या शहरात घेऊन गेली. मागं घरात थियांगी, सून झामी आणि झामीचं तीन महिन्यांचं तान्हं. दोघींची तपासणी झाली, दोघींना रोग निघाला. गावच्या पोरांनी फाटकाला दोर बांधला, दोराला हिरवं फडकं लावलं, म्हणजे आतलं माणूस बाहेर नाही नि बाहेरचं आत नाही.

"आता बघू या तिच्या शेताकडे कोण बघतं," मी चुलीशी म्हणाले.

झौवा माझ्याकडे बघत राहिला.

"काय बघताय?"

"काही नाही. तूच बोललीस ना, तेवढं बघत होतो."

*

आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ दोन वेळा भात शिजतो. तांदूळ भांड्यात पडायच्या आधी घरची बाई त्यातली एक मूठ काढते आणि चुलीशेजारच्या डब्यात टाकते. ती मूठ देवाची. माझ्या आईनं काढली, तिच्या आईनं काढली. रविवारी आम्ही बाया घरोघर फिरून डबे रिकामे करतो, चर्चच्या मागच्या खोलीत तांदूळ निवडतो. एरवी ते विकून चर्चची कामं चालतात. वरच्या आळीचे डबे गेली पंधरा वर्षं मी उचलते; पोरंसोरं मला मानानं पी रुआली, म्हणजे रुआलीबाई, म्हणतात.

त्या साली चर्चला कुलूप लागलं, पण मुठी थांबल्या नाहीत. उपा बियाका आमच्या चर्चमधले वडीलधारे पंच, त्यांनी भोंग्यावरून सांगितलं, "बायांनो, मुठीचे तांदूळ आता विकायचे नाहीत. ज्या घरांना दोर बांधलाय त्या घरांना ते जातील. मूठ जरा मोठी काढा." डोंगराच्या उतारावर सगळीकडे तो आवाज घुमला. खाली दरीत रस्ता खचला होता, रेशनचा ट्रक तीन आठवडे आला नव्हता, तेव्हा हे तांदूळ म्हणजे कितीतरी घरांचा जीव होता.

फरक एवढाच पडला की आता घरात शिरायचं नव्हतं. पूर्वी मी थेट चुलीपाशी जायची, चहा घ्यायची, कुणाच्या कणगीत किती धान्य आहे ते डोळ्यांनीच कळायचं. आता बाया डबा फाटकाच्या खांबावर ठेवायच्या, मी तो पोत्यात ओतून पुढं निघायची. थियांगीचाही डबा खांबावर असायचा. दोर बांधलेल्या घराचे तांदूळ तीन दिवस वेगळे ठेवून मग निवडायचे, असं ठरलं होतं.

दोन आठवडे झाले. दोघींची पुन्हा तपासणी झाली, पुन्हा रोग निघाला. दोर तसाच राहिला. त्या रविवारी चर्चच्या पडवीत आम्ही सात-आठ जणं लांब लांब स्टुलं टाकून बसलो. बियाका यादी वाचत होते. अकरा घरं.

"थियांगीचं घर?" त्यांनी विचारलं.

पोरांचा म्होरक्या माविया म्हणाला, "रोज हाक मारतो फाटकावरून. आतनं ओरडते, सगळं आहे घरात, तुम्हीच दमला असाल, चहा पाठवू का? मीठ आणि औषध तेवढं घेतलं."

सगळे हसले. थियांगीच ती. आमच्याकडे मागायची लाज असते, हे खरं, पण तिला जरा जास्तच.

बियाका माझ्याकडे वळले. "रुआली, डबा तू उचलतेस. कसा असतो?"

"काठोकाठ."

"खरंच?"

"अहो, गावात कुणाचा नसेल एवढा. तिला कसली ददात? आपणच तिच्याकडून घेतोय."

पुन्हा हसू झालं. बियाकांनी पेन्सिलीनं तिच्या नावावर रेघ मारली. मी खोटं बोलले नव्हते, डबा काठोकाठच असायचा. पण बोलताना जिभेवर जी गोडी आली ती खरं बोलल्याची नव्हती, एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

*

रोज पहाटे चारला उठून भात टाकायचा, खायचा, थोडा केळीच्या पानात बांधायचा, पाठीवरच्या पाटीची पट्टी कपाळाला लावायची आणि दीड तास चढायचं. पाऊस असला तरी आणि नसला तरी. पायाच्या बोटांमध्ये जळवा शिरायच्या, तंबाखूचं पाणी चोळलं की गळून पडायच्या. उतारावर बसून खालून वर निंदत जायचं. चार दिवसांत बोटांची सालं निघाली, पाचव्या दिवशी खुरप्याची मूठ हातातून सुटायला लागली. जमावबंदी होती, ज्याच्या त्याच्या शेतात ज्याच्या त्याच्या घरचीच माणसं. एरवी आम्ही वीस-वीस जणं मिळून एकेकाचं शेत एका दिवसात उरकतो, गात, चावट बोलत. त्या साली सबंध डोंगरावर खुरप्यांचे सुटे सुटे आवाज येत होते, बस्स.

थियांगीच्या शेतात तण गुडघ्याला आलं. आधी मला ते बघून काम करायला जोर यायचा, लाज वाटते सांगताना. मग एक दिवस तिकडं बघवेना. भाताचे शेंडे कुठंकुठं दिसत होते, बुडणाऱ्या माणसाचे हात दिसावेत तसे. मी हद्दीवरून हात लांब करून तिच्या बाजूचं मूठभर तण उपटलं. मग स्वतःचाच राग आला. म्हटलं, रुआली, दुसऱ्याचं निंदायला निघालीस, तुझं अर्धं शेत पडलंय अजून.

चौथ्या रविवारचे डबे आणले. बुधवारी संध्याकाळी शेतावरून आल्यावर चर्चच्या मागच्या खोलीत मी तांदूळ निवडायला बसले. थियांगीच्या डब्याचे तांदूळ सुपात ओतले आणि हात घातला.

हाताला वेगळेच लागले.

सूप दारात, उजेडात आणलं. कणी जास्त. अर्धे दाणे किडीनं कोरलेले, काही गेल्या सालचे, काही त्याच्याही आधीचे, तांबडे. कणगी सरत आली, की तळाशी झाडूनं लोटून काढतात ते तांदूळ. त्यात उंदराची लेंडी असते, माती असते, कोंडा असतो. या तांदळात काहीच नव्हतं. खडा नाही, कोंडा नाही, सोलायचा राहिलेला भाताचा एक दाणासुद्धा नव्हता. कुणीतरी बसून एकेक दाणा बोटानं निवडला होता. आणि माप पुरं. चौदा मुठी.

बाईला हे सांगावं लागत नाही. घरात धान्य असलं तर कणगीचा तळ कुणी झाडत नाही.

मी तिथंच जमिनीवर बसले. चार आठवडे मी त्या घरातून तांदूळ उचलून नेले होते. त्या घराला एक दाणा जाऊ दिला नव्हता. आत बाळंतीण होती. मी सूप तसंच उचललं आणि बियाकांच्या घरी गेले.

"हे बघा," मी म्हटलं. "माझी चूक आहे."

त्यांनी तांदूळ बोटांनी चाळले. ते पुरुष माणूस, पण लहानपणी दुष्काळ बघितलेले. त्यांनाही कळलं. मला वाटलं आता रागावतील, पडवीतलं माझं बोलणं काढतील. त्यांनी नुसतं तोंडाला फडकं बांधलं.

"चल," म्हणाले. "पोतं मी घेतो."

*

फाटकाशी माविया राखणीला होता. आम्ही पोतं दोराच्या अलीकडं ठेवलं. बियाकांनी हाक मारली. बऱ्याच वेळानं थियांगी पडवीत आली. मी तिला महिनाभर पाहिलं नव्हतं. गळ्याची हाडं वर आली होती, गुंडाळलेलं पुआन कमरेवर ठरत नव्हतं, तिनं ते एका हातानं धरलं होतं.

"कुणाचं पोतं?" तिनं विचारलं.

"तुझं. मुठीचे तांदूळ आहेत," बियाका म्हणाले.

"मला नकोत. ज्यांना नाहीत त्यांना द्या."

"थियांगी, तुझी कणगी रिकामी आहे."

"कोण म्हणतं?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. नऊ वर्षांनी सरळ तोंडाकडे. "ही? ही माझी कणगी मोजायला कधी आली?"

एरवी माझी जीभ गावाला ठाऊक आहे, तेव्हा मात्र हळूच म्हटलं, "तळाचे तांदूळ ओळखू येतात गं मला."

"मग? तळाचे तांदूळ देवाला चालत नाहीत?"

"घरात खायला नाही आणि तू मूठ कशी काढतेस? वेडी आहेस का तू?"

ती पायरीवर बसली. खोकली.

"भोंग्यावर सांगितलं ना तुम्हीच," ती बियाकांना म्हणाली, "दोर बांधलेल्या घरांना जातात म्हणून. मला वाटलं, आमच्याहून अडलेलं कुणीतरी असेल."

बियाकांनी मान खाली घातली. दोर तर तिच्याच फाटकाला बांधलेला होता, आणि तिला ते दिसत नव्हतं असं नाही. तिला खरंच तसं वाटलं होतं. मला तिचा राग आला, इतका की डोळ्यांतून पाणी आलं.

"मी त्यांना सांगितलं तुला काही नको म्हणून," मी म्हटलं. "चारचौघांत, हसत. आणि तो ओंडकाही मीच सरकवला होता. ऐकलंस? मीच. रात्री नाही, भर दुपारी. तू झऱ्यावर पाण्याला गेली होतीस तेव्हा."

माविया आ वासून बघायला लागला.

"ठाऊक आहे," थियांगी म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"ओढलेल्या ओंडक्याचा माग जमिनीवर राहतो, रुआली. आंधळी होते का मी? तुझा म्हातारा त्या साली पाठ धरून पडला होता. म्हटलं, आठ हातांनी हिचं भागत असेल तर भागू दे. मी विचारलं ते एवढ्यासाठीच, की तू हो म्हणशील आणि मी राहू दे म्हणेन. तू तर तोंडच फिरवलंस."

"मग नऊ वर्षं बोलली का नाहीस?"

"मी का म्हणून आधी बोलायचं? तू चोर, आणि मी आधी बोलू?" तिला पुन्हा खोकला आला. "ने ते पोतं. तुझ्या हातचं नको मला."

एवढ्यात दारातून झामी बाहेर आली. पोर तिच्या पाठीला बांधलेलं. तेवीस वर्षांची मुलगी, पण भिंत धरून चालत होती. सासूच्या शेजारून पायऱ्या उतरली.

"आई, बास झालं आता," ती म्हणाली. "मला द्या तांदूळ."

"झामी, आत जा."

"नाही जाणार. पोराला द्यायला दूध नाही माझ्यात." ती फाटकापाशी आली, दोराखालून वाकली आणि पोत्याला हात घातला. पोतं काही फार मोठं नव्हतं. तिनं ते वीतभर उचललं, आणि ती पोत्यासकट गुडघ्यावर बसली. पाठीवरचं पोर रडायला लागलं. रडणं कसलं, मांजराच्या पिलाचा आवाज.

मी दोर ओलांडला. विचार करून नव्हे, उगाच मोठेपणा कशाला घेऊ. पोरगी पडली, मी धरायला गेले, एवढंच. एका हातानं तिला उठवलं, दुसऱ्यानं पोतं खांद्यावर टाकलं.

"पी रुआली!" माविया ओरडला. "मागं या! अहो, हात लावलात तुम्ही! आता चौदा दिवस आतच राहावं लागेल!"

"मग मोज," मी म्हटलं.

पायरी चढताना माझ्या ध्यानात आलं की माझं अर्धं शेत निंदायचं राहिलंय. चौदा दिवसांत तण कमरेला येईल. वर्षाचा भात गेला. मी उंबऱ्यात थांबले. थियांगी माझ्याकडे बघत होती, आणि तिलाही तेच ध्यानात आलेलं दिसलं, कारण ती शेतकरीण आहे.

"जा," ती हळू आवाजात म्हणाली. "अजून जा. पोरं काही बोलणार नाहीत. तुझं शेत..."

"बाजूला हो. चूल कुठं आहे, तिथंच ना?"

*

चुलीमागं कणगी आडवी करून ठेवली होती. शेजारी अळकुड्यांची सालं होती आणि केळीचं खोड चिरून ठेवलेलं. ते आम्ही डुकरांना घालतो. मी तांदूळ धुतले, शिजवले, झामीला पेज करून पाजली. भात खाताना थियांगी एकेक घास बराच वेळ तोंडात ठेवत होती.

तिचं जेवण झाल्यावर झामीनं मला हळूच सांगितलं. "मी भांडले होते त्यांच्याशी. म्हटलं, माझं दूध आटतंय आणि तुम्ही डबा भरताय. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या वाट्यातली मूठ डब्यात, उरलेला भात सगळा माझ्या ताटात. बारा दिवस त्यांनी अळकुड्यांवर काढले, पी रुआली. मला वाटलं चोरून खात असतील थोडा. मी भांडंसुद्धा तपासलं."

मी त्या बाईकडे बघत बसले. भिंतीला टेकून ती डोळे मिटून बसली होती, तोंड उघडं, हनुवटीवर भाताचं शीत. पंधरा वर्षं मी मुठी गोळा करत होते. घरोघर, आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मूठ म्हणजे काय असते ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिसऱ्या दिवशी तिला पुन्हा ताप चढला. माविया फाटकावरून बोटाला लावून प्राणवायू मोजायचा चिमटा द्यायचा, आकडा वाचून मी त्याला ओरडून सांगायची. नव्वद. एकोणनव्वद. अठ्ठ्याऐंशी. गाडी बोलवायची तर रस्ता खचलेला. गावच्या परिचारिकेनं मावियाकरवी सांगितल्याप्रमाणं मी तिला पालथं झोपवलं, तासाला कूस बदलवली, पाठीवर थापट्या मारल्या.

"हळू मार," ती उशीतून म्हणाली. "नऊ वर्षांचं एकदम वसूल करतेस का?"

"गप पड. श्वास घे."

रविवारी भोंग्यावर उपासना झाली. बियाकांनी प्रार्थना म्हटली आणि बंद चर्चमध्ये एकट्यानं ढोल वाजवायला सुरुवात केली. मग दोर बांधलेल्या एकेका घराच्या पडवीतून गाणं उठलं. खालच्या आळीतून, झऱ्याजवळच्या घरातून, शाळेमागून. कोण खोकत गात होतं, कोण बसून. धुक्यात कुणी कुणाला दिसत नव्हतं, पण सगळा डोंगर एका सुरात होता. थियांगी पालथी पडून ओठ हलवत होती. मी आकडा पाहिला तर ब्याण्णव. मी चिमटा काढून पुन्हा लावला. ब्याण्णवच. मी देवाचं नाव घेतलं आणि बाहेर जाऊन ढसाढसा रडले.

झौवा रोज सकाळी फाटकापाशी यायचा, काठी टेकत.

"शेत?" मी विचारायची.

"चाललंय."

"निंदणी कोण करतंय? बाहेरचं माणूस लावायला बंदी आहे."

"चाललंय म्हटलं ना. तू तुझी पेज ढवळ."

मला वाटलं, म्हातारा मला धीर द्यायला बोलतोय. त्याला वाकताही येत नाही, हा काय निंदणार? मी शेताचं नाव सोडून दिलं. माझी तपासणी झाली, रोग निघाला नाही. दोन आठवड्यांनी थियांगी आणि झामीचाही रोग गेल्याचं तपासणीत आलं, छानाचाही निरोप आला की तो उठून बसलाय. पोरांनी दोर सोडला.

*

दुसऱ्याच दिवशी थियांगी म्हणाली, शेतावर जायचं. मी म्हटलं, तुला दम लागेल. म्हणाली, लागू दे. तिचा भात गेला हे तिला ठाऊक होतं, दीड महिना त्याला हात लागलेला नव्हता. पण शेतकऱ्याला मेलेलं शेतसुद्धा एकदा बघावं लागतं. आम्ही तिघी निघालो, झामीच्या पाठीवर पोर. दीड तासाच्या वाटेला तीन तास लागले.

वळण ओलांडलं आणि थियांगी थांबली. मला वाटलं दम लागला. मी तिला धरायला गेले, आणि माझीही नजर वर गेली.

तिचं शेत स्वच्छ होतं. वरच्या कडेपासून खालच्या ओढ्यापर्यंत हिरवागार भात, मधल्या मातीत तणाची एक काडी नाही. उपटलेल्या तणाचे ढीग ओळीनं रचलेले. शेजारी माझं शेत. तिथं मी जेवढं निंदलं होतं तेवढ्यातही पुन्हा तण माजलं होतं, आणि उरलेल्यात तर भात कुठला नि गवत कुठलं तेच समजत नव्हतं.

खालच्या कडेला झौवा बसला होता. दोन्ही गुडघ्यांना ट्यूबचे तुकडे बांधलेले, बुडाखाली पोतं. त्याला वाकता येत नाही, म्हणून तो बसल्या बसल्या, पोत्यावरून घसरत, उतारावर वरून खाली निंदत आला होता. शेवटचे दोन हात राहिले होते. त्याच्या तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

मी उतरत त्याच्यापाशी गेले.

"आणि आपलं?" मी विचारलं.

"आपलं राहिलं," तो म्हणाला. "माझ्याच्यानं एकच होणार होतं. दोन्ही धरली असती तर दोन्ही गेली असती."

"मग हे का धरलंत?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय.

"तू सगळं सोडून त्यांच्या घरात गेलीस ना. मी म्हटलं, विचारायला गेलो तर तू हेच सांगशील. मग उगाच विचारायला कशाला जायचं?"

मी त्याच्या हातांवरच्या चिंध्यांकडे बघत राहिले. मागं थियांगी माझ्या शेतात उतरली होती, एका हातानं झाडाचा बुंधा धरून दुसऱ्या हातानं तण उपटत होती. झामीनं पोर सावलीत ठेवलं आणि तीही गेली.

मी तसं सांगितलं नसतं. त्यानं फाटकाशी येऊन विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आधी आपलं निंदा, मग वेळ उरला तर बघू. देवाच्या साक्षीनं सांगते, हेच म्हटलं असतं. ते मी त्याला आजपर्यंत कळू दिलेलं नाही.